‘हवं तर घ्या’ कोणी ठरवायचं? लिनक्स पॅकेजमधले ऐच्छिक भाग

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात मी गेलं वर्षभर दर शनिवारी दुपारी जातो. तिथे जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे आहेत. कागद पिवळा पडलाय, पान उलटताना कडा हातात येतात. ते अंक स्कॅन करायचे आणि त्यातला मजकूर शोधता येईल असा करून ठेवायचा, हे काम आम्ही चार जणांनी मिळून हाती घेतलं. कॉम्प्युटर देणगीतून आलेला, त्यावर डेबियन लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टम घातलेली. पानाच्या फोटोवरून अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट नावाचा मुक्त प्रोग्राम वापरायचं ठरलं.

पहिल्या दिवशी एका ओळीच्या आज्ञेनं टेसरॅक्ट आला. पहिलं पान दिलं आणि बाहेर आली रोमन अक्षरांची खिचडी. मध्येच आकडे, मध्येच उद्गारचिन्हं. मग मी त्याला ‘मराठी वाच’ असं स्पष्ट सांगितलं, तर मराठीची डेटा फाईल उघडता येत नाही असा निरोप आला. फाईल नव्हतीच. ती वेगळ्या पॅकेजमध्ये असते, नाव ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’. ते घातलं, तेच पान पुन्हा दिलं, आणि पडद्यावर पहिला शब्द उमटला : ‘अनुक्रमणिका’. ग्रंथपाल ताई खुर्चीतून उठून पडद्याजवळ आल्या. बराच वेळ वाचत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अहो, पण हे आधीच का नाही आलं? इंग्रजी तर न मागता आलं ना?”

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर पॅकेज कसं बांधतात आणि त्यात ‘ऐच्छिक’ हा शब्द किती अर्थांनी येतो, हे सांगावं लागतं. हा लेख त्या उत्तरासाठीच आहे.

आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे लोक बहुतेक वेळा फक्त सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, प्रसिद्ध करतात. तो मशीनला चालेल अशा रूपात आणायचा (याला कंपाइल करणं म्हणतात), फाईली कुठे ठेवायच्या ते ठरवायचं, सोबत आणखी काय लागेल त्याची यादी जोडायची आणि सगळं एका फाईलमध्ये बांधायचं, हे काम पॅकेज बांधणारे करतात. इयान मरडॉक यांनी १९९३च्या ऑगस्टमध्ये डेबियन सुरू केलं तेव्हापासून हे काम जगभरचे स्वयंसेवक करत आलेत. १० जून २०२३ला डेबियन १२ आलं, त्यात ६४,४१९ पॅकेज होती. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे ‘याच्यासोबत काय द्यायचं’ हा निर्णय कुणीतरी बसून घेतलेला आहे.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मंडई-तुळशीबागेच्या बाजूला पूजासाहित्याची तयार पुडकी मिळतात. पुडकं बांधणारा दुकानदार आपल्या घरी कधी येणार नसतो. तरी हळद, कुंकू, गंध, सुपाऱ्या, जानवं, कापसाची वस्त्रं त्यानं घातलेली असतात, कारण त्यांच्यावाचून पूजा अडते. उदबत्ती आणि कापूरही त्यानं घातलेला असतो. तो नसला म्हणून पूजा थांबत नाही, पण शंभरातल्या नव्वद जणांना तो हवाच असतो. अत्तराची कुपी बाजूला मांडलेली असते, हवी तर घ्या. आणि मग तो विचारतो, “गौरी आहेत का घरी?” असतील तर ओटीचं सामानही काढतो.

पॅकेज बांधणाऱ्याचं काम नेमकं हेच आहे. फरक एवढाच की त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं नसतं. गौरीचा प्रश्न त्याला तोंडानं विचारता येत नाही, तो यादीत लिहून ठेवावा लागतो. कसा, ते पुढे येईलच.

बांधताना ठरतं आणि चालवताना ठरतं

ऐच्छिक भागांच्या दोन जाती आहेत आणि सगळा गोंधळ त्या दोन एकच समजण्यातून होतो.

पहिली जात म्हणजे कंपाइल करतानाच ठरणारे भाग. विम हा एडिटर घ्या. टर्मिनलमध्ये विमला त्याची आवृत्ती विचारली की खाली एक लांबलचक यादी येते. प्रत्येक सोयीच्या आधी अधिक किंवा उणे चिन्ह असतं. पायथॉनच्या आधी अधिक असेल तर विमच्या आतून पायथॉन चालवता येतो. क्लिपबोर्डच्या आधी उणे असेल तर ब्राउझरमधून कॉपी केलेलं विमच्या स्वतःच्या पेस्टच्या आज्ञेनं येणारच नाही. सेटिंग बदलून काही होत नाही, कारण तो कोड त्या फाईलमध्ये शिजवलेलाच नाही. पुरणात गूळ घातला नसेल तर पोळी ताटात आल्यावर तो आत घालता येत नाही, तसं.

दुसरी जात प्रोग्राम चालू असताना जोडल्या जाणाऱ्या भागांची. प्रोग्राम सुरू झाल्यावर ठरलेल्या फोल्डरमध्ये डोकावतो. तिथे फाईल असेल तर वापरतो, नसेल तर त्या सोयीशिवाय पुढे जातो. टेसरॅक्टच्या भाषा अशाच आहेत. मराठीची फाईल त्या फोल्डरमध्ये आली की टेसरॅक्टला मराठी येते, पुन्हा कंपाइल करायला लागत नाही. व्हीएलसीचे प्लगिन, पीएचपीची एक्स्टेंशन, लिबरऑफिसची भाषांतरं हीही याच जातीची.

पॅकेज बांधणाऱ्याला दुसरी जात आवडते. मूळ प्रोग्रामचं एक पॅकेज आणि प्रत्येक ऐच्छिक भागाचं आपापलं छोटं पॅकेज, इतकं सरळ काम. पहिली जात मात्र घाम काढते. एखाद्या प्रोग्राममध्ये असे दहा भाग असतील आणि प्रत्येक भाग ‘घाला’ किंवा ‘वगळा’ असा असेल, तर १,०२४ वेगवेगळी रूपं होतात. वीस भाग असतील तर १०,४८,५७६. एवढी रूपं कुणी बांधणार नाही, तपासणार तर त्याहून नाही.

म्हणून डेबियननं विमची मोजकीच रूपं निवडली आहेत. विम-टायनी अगदी लहान, साध्या इन्स्टॉलेशनमध्येही सापडणारं. नुसतं विम नेहमीच्या कामाचं. विम-नॉक्समध्ये पायथॉन, रुबी वगैरे भाषा आहेत पण खिडक्या नाहीत, आणि विम-जीटीके३मध्ये खिडक्याही आहेत. सगळी एकाच सोर्समधून, वेगवेगळ्या निवडी करून बांधलेली. टर्मिनलमधल्या विममध्ये क्लिपबोर्ड चालत नाही म्हणून हैराण झालेल्यांना अनेक वर्षं एकच सल्ला मिळत आलाय, विम-जीटीके३ टाका. खिडकी उघडायची नसली तरी. ऐकायला विचित्र वाटतं, पण ते अधिक चिन्ह त्या रूपात आहे म्हणून तो सल्ला बरोबर आहे.

पहिल्या जातीत आणखी एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. काही वर्षांपूर्वी कागदपत्रं पाहायचा एक छोटा प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर सोर्समधून बांधला. कर्वेनगरला राहणाऱ्या एका मैत्रिणीनं तोच सोर्स घेऊन तिच्या मशीनवर बांधला. आवृत्ती एक, आज्ञा त्याच. माझ्याकडे पीडीएफ उघडायची, तिच्याकडे नाही. दोन संध्याकाळी आम्ही फोनवर एकेक सेटिंग ताडून पाहिलं. शेवटी तिनं बांधणीच्या वेळचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला. दोनेकशे ओळींच्या मध्ये एक ओळ होती : पीडीएफ सपोर्ट, नाही. पीडीएफची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड, माझ्याकडे दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी आधीपासून होती, तिच्याकडे नव्हती. बांधणीच्या स्क्रिप्टनं आपापल्या मशीनवर जे सापडलं ते गुपचूप वापरलं होतं आणि नाही सापडलं ते गुपचूप सोडलं होतं.

जेंटू नावाच्या दुसऱ्या एका लिनक्सच्या लोकांनी अशा आपोआप जोडल्या जाणाऱ्या भागांना ‘ऑटोमॅजिक’ असं नाव दिलंय, आणि ते त्यांना मुळीच खपत नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. पॅकेजमध्ये काय आहे हे बांधणाऱ्याच्या मशीनवर त्या दिवशी काय पडलं होतं, यावरून ठरता कामा नये. म्हणूनच गंभीरपणे पॅकेज बांधणारे लोक ते रिकाम्या, स्वच्छ चौकटीत बांधतात. डेबियनमध्ये त्यासाठी एसबिल्ड, पीबिल्डर अशी साधनं आहेत. आत किमान सामान असतं, आणि बांधणीला लागणारी प्रत्येक गोष्ट यादीत लिहिलेली असेल तरच आत येते. शिवाय प्रत्येक ऐच्छिक भागाबद्दल ‘हा घाल’, ‘हा घालू नकोस’ असं स्क्रिप्टला नाव घेऊन सांगायचं, अंदाजावर सोडायचं नाही.

निवड कोणाच्या हातात द्यायची, यावर मात्र वेगवेगळ्या घरांच्या वेगवेगळ्या रीती आहेत. जेंटूमध्ये बहुतेक सगळं वापरणाऱ्याच्या मशीनवरच कंपाइल होतं, त्यामुळे ‘यूझ फ्लॅग’ लिहून प्रत्येक जण आपल्याला हवं ते रूप बांधून घेतो. वेळ लागतो, पण निवड पूर्ण आपली. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये बांधणीआधी चौकोनांची यादी समोर येते, हव्या त्यावर खूण करायची. ओपनबीएसडी मोजकीच रूपं ठरवून त्यांना ‘फ्लेवर’ म्हणतं. आर्च लिनक्स ऐच्छिक पॅकेजं आपणहून घालत नाही. इन्स्टॉल झाल्यावर ‘यासाठी हे, त्यासाठी ते’ अशी कारणांसकट यादी दाखवतं आणि पुढचं आपल्यावर सोडतं. कारणासकट यादी ही गोष्ट मला फार आवडते. नुसतं नाव वाचून नवख्या माणसाला काहीच कळत नाही.

एका शब्दाचं वजन

डेबियनची रीत मला सगळ्यात जवळची आहे, कारण तिथे गरजेच्या पायऱ्या नावानिशी केलेल्या आहेत. प्रत्येक पॅकेजसोबत ‘कंट्रोल’ नावाची साधी मजकुराची फाईल असते. तीत ‘डिपेंड्स’ या ओळीत जे लिहिलंय ते आल्याशिवाय पॅकेज चालू स्थितीत येतच नाही. ‘रेकमेंड्स’मध्ये असतं ते जवळजवळ सगळ्यांना लागणारं. डेबियनच्या नियमपुस्तकाप्रमाणे, काही वेगळीच परिस्थिती नसेल तर ज्या गोष्टी या पॅकेजसोबत असतातच अशा. ‘सजेस्ट्स’मध्ये असतं ते उपयोगी पडू शकेल असं, पण नसलं तरी काही बिघडत नाही. हळद-कुंकू, कापूर आणि अत्तर.

पर्यायसुद्धा लिहिता येतो. ‘हे नाहीतर ते’ असं उभी रेघ मारून लिहितात. किंवा अनेक पॅकेजं मिळून एकच भूमिका घेतात. मेल पाठवणारा कुठलाही प्रोग्राम चालेल, तर त्या भूमिकेचं नाव लिहायचं. जास्वंद नसेल तर दुसरं लाल फूल, असं आपणही म्हणतोच की.

‘रेकमेंड्स’ या शब्दाचं वजन २००९ साली एकदम वाढलं. त्या वर्षी फेब्रुवारीत डेबियन ५ आलं आणि तेव्हापासून एपीटी हे पॅकेज घालणारं साधन रेकमेंड्समधलं सगळं न विचारता घालायला लागलं. म्हणजे एखादं नाव सजेस्ट्समधून उचलून रेकमेंड्समध्ये ठेवलं की ते लाखो मशीनवर पोचतं. फाईलमध्ये फक्त एक ओळ वरखाली होते. उलट बाजूनं, कंटेनर, म्हणजे प्रोग्राम वेगळा चालवायच्या छोट्या बंदिस्त चौकटी, बांधणारे लोक जागा वाचवायला रेकमेंड्स नकोत असा पर्याय आज्ञेतच लिहून ठेवतात. तीच आज्ञा कुठूनतरी उचलून घरच्या डेस्कटॉपवर चालवली की प्रोग्राम येतो, पण कुठे चिन्हं गायब, कुठे प्रिंटर गायब. दोष प्रोग्रामवर जातो.

आणखी एक नियम आहे. डेबियनच्या मुख्य संग्रहातलं पॅकेज त्या संग्रहाबाहेरच्या पॅकेजला डिपेंड्स किंवा रेकमेंड्समध्ये घेऊ शकत नाही, सजेस्ट्समध्ये घेऊ शकतं. म्हणजे एखादी गोष्ट सजेस्ट्समध्ये दिसते ती कमी उपयोगी असते असं नाही. तिचा परवाना मुक्त नाही, एवढंच कारण असू शकतं. स्वातंत्र्याचा आग्रह आणि वापरणाऱ्याची सोय यांच्यातली तडजोड त्या एका शब्दात मावलेली आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. टेसरॅक्टच्या डिपेंड्समध्ये दोन डेटा पॅकेजं आहेत. एक पानाची दिशा आणि लिपी ओळखणारं, दुसरं इंग्रजीचं. इंग्रजीच का? कारण भाषा सांगितली नाही तर टेसरॅक्ट इंग्रजी धरतो. तो १९८५ ते १९९४ या काळात एचपी कंपनीत घडला, २००५मध्ये खुला झाला आणि २००६पासून गूगलनं त्याचं काम पुढे नेलं. त्याची सुरुवातच रोमन लिपीतून झाली. इंग्रजीची फाईल नसेल तर साधी आज्ञाही अडखळेल, म्हणून पॅकेज बांधणाऱ्यानं ती सक्तीची केली. त्याचं काही चुकलं नाही. शंभराहून जास्त भाषा आहेत, सगळ्या सगळ्यांवर लादता येत नाहीत. ज्यांना सगळ्या हव्यात त्यांच्यासाठी ‘टेसरॅक्ट-ओसीआर-ऑल’ नावाचं पुडकंही करून ठेवलंय.

पण त्या यादीत लिहिणाऱ्याला नारायण पेठेतली खोली दिसत नव्हती. जगाच्या हिशेबात मराठी ऐच्छिक. त्या खोलीत मात्र मराठीशिवाय टेसरॅक्टचा काही उपयोग नाही. ऐच्छिक हा गुण त्या फाईलचा नाहीच. वापरणारा कोण आहे, त्यावर तो ठरतो.

जोडलेलं कळत नाही तेव्हा

ऐच्छिक भाग कमी असण्याचा त्रास आपल्याला लगेच कळतो. जास्त असण्याचा त्रास कळायला २०२४चा मार्च उजाडावा लागला.

दूरच्या मशीनमध्ये सुरक्षित शिरण्यासाठी ओपनएसएसएच वापरतात. जगभरचे सर्व्हर त्याच्या भरवशावर आहेत. एक्सझेड हा फाईली दाबून लहान करणारा प्रोग्राम, त्याची लायब्ररी लिबएलझेडएमए. ओपनएसएसएच मूळ रूपात ती वापरत नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स बांधून देणाऱ्या वितरणांनी त्यात एक छोटी सोय जोडली होती : सेवा सुरू झाली की सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, तसं कळवायचं. त्यासाठी लिबसिस्टमडी ही लायब्ररी जोडली. लिबसिस्टमडीला नोंदवह्या वाचायच्या असतात, त्या दाबलेल्या असू शकतात, म्हणून तिला लिबएलझेडएमए जोडलेली. अशा रीतीनं एक निरोप पाठवायच्या सोयीपायी दाराच्या कुलपात एक अनोळखी पुर्जा येऊन बसला.

एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी शिताफीनं चोरदार घातलं होतं. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचनं आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही. खणत गेले आणि २९ मार्च २०२४ला सगळ्यांना सावध केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो कोड पोचला नव्हता. चाचणीच्या आणि अस्थिर शाखांमध्ये पोचला होता.

इथे पॅकेज बांधणाऱ्यासाठी एक बारीक मुद्दा आहे. एरवी कुठल्या लायब्ररी लागतात ते डेबियनचं साधन बांधलेल्या फाईलमध्ये पाहून स्वतःच शोधतं आणि डिपेंड्समध्ये लिहितं. जोडलेलं सगळं सक्तीचं ठरतं. सिस्टमडीनं, चोरदार उघडकीला येण्याआधीच हाती घेतलेला एक बदल जून २०२४च्या २५६व्या आवृत्तीत दिला. दाबण्याच्या लायब्ररी कायमच्या जोडायच्या नाहीत, लागेल तेव्हाच उघडायच्या. म्हणजे पहिल्या जातीचा भाग दुसऱ्या जातीत नेला. पण मग नवी अडचण. लागेल तेव्हा उघडलेली लायब्ररी शोधणाऱ्या साधनाला दिसतच नाही, आणि यादीतून ती गळते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी फाईलच्या पोटात एक चिठ्ठी ठेवायची पद्धत काढली : मी चालताना अमुक लायब्ररी शोधीन, ती माझ्यासाठी आवश्यक आहे, शिफारशीची आहे की नुसती सुचवलेली. पायऱ्या त्याच तीन. फक्त आता त्या कोड लिहिणाराच सांगतो, पॅकेज बांधणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. मला हा गेल्या काही वर्षांतला फार चांगला बदल वाटतो.

त्याच २०२४मध्ये दुसऱ्या टोकाची गोष्टही घडली. कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम. डेबियनच्या अस्थिर शाखेत त्याच्या पॅकेजमधून ब्राउझरशी जोडणी, नेटवर्क वगैरे ऐच्छिक सोयी काढल्या आणि त्या हव्या असणाऱ्यांसाठी ‘फुल’ नावाचं वेगळं पॅकेज केलं. कारण सुरक्षेचं होतं : जितका कोड कमी तितकी फट कमी. एक्सझेड नुकतंच घडलेलं, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. पण ज्यांच्याकडे प्रोग्राम आधीपासून होता त्यांनी नेहमीसारखं अपग्रेड केलं आणि ब्राउझरमधली जोडणी एका सकाळी बंद. तक्रारी गेल्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे, आणि तेही नाराज झाले.

माझं मत सांगतो. लहान रूप द्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः ते वापरीन. पण जुनं नाव चालू वापरणाऱ्यांच्या सवयीचं असतं. त्या नावाखाली आहे ते राहू द्यावं आणि नव्या, लहान रूपाला नवं नाव द्यावं. पुडक्यावर तेच लेबल ठेवून आतलं जानवं काढलं, तर गिऱ्हाईकाला ते पूजेला बसल्यावरच कळतं.

गौरी आहेत का घरी?

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे. डेबियनच्या पायऱ्यांमध्ये मोठं पॅकेज लहानाचं नाव घेतं. टेसरॅक्टनं मराठीचं नाव घ्यावं असं म्हटलं, तर त्यानं तमीळ, बंगाली, फिनिश सगळ्यांचीच घ्यायला हवीत. बोट उलट दिशेनं दाखवता आलं तर? म्हणजे मराठीच्या पॅकेजनंच म्हणायचं : अमुक प्रोग्राम असेल आणि या घरात मराठी चालत असेल, तर मला बोलवा.

फेडोरा ज्या आरपीएम या पॅकेजच्या पद्धतीवर चालतं त्यात हे करता येतं. २०१४च्या ४.१२ आवृत्तीपासून त्यात सौम्य अवलंबनं, म्हणजे सक्ती नसलेल्या गरजा, आली, आणि त्यातल्या ‘सप्लिमेंट्स’ या ओळीचा अर्थ नेमका हाच. पुढे ‘हे आणि ते दोन्ही असेल तर’ अशी अटही लिहिता यायला लागली. २०१६च्या फेडोरा २४मध्ये भाषांची सगळी व्यवस्था यावर बसवली. ‘लँगपॅक्स-एमआर’ हे जवळजवळ रिकामं पॅकेज एकदा घातलं की त्याचा अर्थ होतो, या घरात मराठी चालते. नंतर लिबरऑफिस आलं की त्याचं मराठी भाषांतर न सांगता मागून येतं. लिबरऑफिसच्या यादीत मराठीचं नाव कुणाला लिहावं लागत नाही. दुकानदारानं गौरींचा प्रश्न एकदाच विचारला आणि वहीत नोंदवून ठेवला.

डेबियनमध्ये ‘एन्हान्सेस’ नावाची उलट दिशेची ओळ आहे, पण एपीटी ती वाचून आपणहून काही घालत नाही. तिथे मराठीसाठी ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’सारखी पुडकी आहेत. ती उपयोगी आहेत, पण नंतर येणाऱ्या प्रत्येक नव्या प्रोग्रामकडे त्यांचं लक्ष नसतं.

जाता जाता फाँटचंही सांगतो, कारण ते पुण्याचं आहे. लिनक्सवर अनेक वर्षं मराठी जिच्यामुळे वाचता आली ती लोहित फाँटमाला. तिचे मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवले आणि रेड हॅटनं २००४ साली ते मुक्त परवान्याखाली सगळ्यांना दिले. डेबियनमध्ये ‘फाँट्स-लोहित-देवा’ हे त्याचं पॅकेज. वाचनालयातल्या पडद्यावर ‘अनुक्रमणिका’ उमटली, त्या अक्षरांचं वळण याच शहरातल्या कुणीतरी काढलेलं होतं. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कंपनीचं नाव वहीत लिहून घेतलं.

मग एका शनिवारी आम्ही वाचनालयाचं स्वतःचं पुडकं बांधलं. डेबियनमध्ये इक्विव्हज नावाचं साधन आहे. त्यानं आत एकही प्रोग्राम नसलेलं, फक्त यादी असलेलं पॅकेज बनवता येतं. नाव दिलं ‘वाचनालय-संच’. डिपेंड्समध्ये टेसरॅक्ट, मराठीची डेटा फाईल आणि लोहित फाँट. मराठी तिथे पहिल्यांदा सक्तीच्या ओळीत आली. रेकमेंड्समध्ये स्कॅन केलेली पानं सरळ करणारं साधन. सजेस्ट्समध्ये हिंदीची डेटा फाईल. पुढच्या महिन्यात दुसरा कॉम्प्युटर आला, त्यावर या एका फाईलवरून सगळं बसलं. चहा येईपर्यंत काम संपलं होतं.

यादी छापून ताईंच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी पेन्सिलनं एक ओळ वाढवली : संस्कृत. जुन्या अंकांमध्ये सुरुवातीला श्लोक असतात, लेखांत मध्येमध्ये सुभाषितं असतात, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “मग सजेस्ट्समध्ये टाकू या, लागेल तेव्हा घेता येईल.”

“मी नसताना कोण घेईल?” त्या म्हणाल्या. “नवीन माणसाला कळणारसुद्धा नाही की ते घ्यायचं असतं.”

आम्ही संस्कृत रेकमेंड्समध्ये लिहिलं.